प्रबोधिनीचा शिक्का किती खोल?

लष्करी प्रबोधिनीतील शिक्षणाची छाप माणसाच्या मूल्यांवर आयुष्यभर कशी राहते, या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. उत्तरे देणाऱ्याने अशाच एका प्रबोधिनीत शिक्षण घेतले, पुढे काही वर्षे दुसऱ्या एका प्रबोधिनीत प्रशिक्षक म्हणून काम केले आणि आता गणवेश उतरवूनही बराच काळ लोटला आहे. त्यामुळे उत्तरांत जिव्हाळा आहे तसाच थोडा जुना रागही आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

प्रश्न : माझ्या मुलाची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवड झाली आहे. अठराव्या वर्षापर्यंत घरचे संस्कार पक्के झालेले असतात असे म्हणतात. मग तीन वर्षांत प्रबोधिनी त्याच्यात असे काय नवे घालणार आहे? आणि घातले तरी ते टिकणार आहे का?

उत्तर : संस्कार पक्के झालेले असतात हे खरे, पण या वयात ते बहुतांशी शब्दांच्या रूपात असतात. खोटे बोलू नये, अडलेल्याला मदत करावी, वेळ पाळावी हे आपल्या मुलाला ठाऊक आहेच. मात्र चार तासांची झोप झालेली असताना, टाचा सोललेल्या असताना आणि एक लहानसे खोटे बोलल्याने शिक्षा टळणार असताना आपण प्रत्यक्षात काय करतो, हे त्याला अजून ठाऊक नाही, कारण तशी वेळ त्याच्यावर आलेली नाही. प्रबोधिनी नवी मूल्ये फारशी शिकवत नाही. ती तशी वेळ आणते, आणि सहा सत्रांत इतक्यांदा आणते की त्या वेळी केलेली कृती विचार न करता होऊ लागते.

याचे एक उदाहरण पट्टी परेडचे देतो. पहिल्या सत्रातील मुलांना वरिष्ठ छात्र हुकूम सोडतो की पाच मिनिटांत संचलनाच्या गणवेशात खाली हजर व्हा. सगळे धापा टाकत येतात. लगेच दुसरा हुकूम, पाच मिनिटांत व्यायामाचे कपडे. मग पुन्हा संचलनाचा गणवेश, मग मेसचा. शेवटचा मुलगा उशिरा आला की सर्वांनाच परत पिटाळले जाते. पहिले काही दिवस जो तो आपापले पाहतो, चपळ मुले आधी येऊन उभी राहतात आणि मागे राहिलेल्याला मनातल्या मनात शिव्या घालतात. मग केव्हा तरी कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो. माझ्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या छात्रांच्या गटात, एका मुलाची बोटे घाबरली की थरथरत आणि त्याला बुटांच्या नाड्या बांधता येत नसत. एका रात्री शेजारच्या खोलीतला मुलगा स्वतःचा पट्टा अर्धवट सोडून त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या नाड्या बांधू लागला. तिसऱ्याने मागून याचा पट्टा आवळला. कोणीही सांगितले नव्हते. त्या रात्री आम्ही सगळे एकत्र खाली उतरलो. सहकार्यावरची व्याख्याने मी पुढे पुष्कळ ऐकली, काही दिलीही, पण त्यांतले एकही मला आठवत नाही.

(हे प्रकार अभ्यासक्रमात लिहिलेले नसतात आणि वरिष्ठांच्या हाती दिलेल्या या सत्तेचा गैरवापरही होतो. रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, देण्याच्या नावाखाली निव्वळ छळ करणारी मुले मी पाहिली आहेत. तशा छळातून चारित्र्य घडते असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही; त्यातून पुढच्या वर्षीचा छळ करणारा तेवढा घडतो.)

दुसरे उदाहरण अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या लष्करी प्रबोधिनीचे आहे. तेथे पहिल्या वर्षाच्या छात्राला, सुरुवातीच्या काळात वरिष्ठाने काही विचारले तर, परंपरेने चारच उत्तरे देता येतात : होय सर, नाही सर, माझ्याकडे सबब नाही सर, मला समजले नाही सर. यातले तिसरे उत्तर अठरा वर्षांच्या मुलाला सर्वांत जड जाते, कारण सबब बहुधा खरी असते. बस उशिरा आली होती, बटण दुसऱ्याने तोडले होते. तरीही ‘सबब नाही’ म्हणायचे. हे अन्यायाचे वाटते, आणि काही वेळा असतेही. पण काही महिन्यांनी मुलाच्या लक्षात येते की सबब सांगायची नाही हे ठरले की बस उशिरा येईल हे गृहीत धरून आधी निघण्याची बुद्धी आपोआप होते. ही सवय मी पन्नाशी उलटलेल्या माणसांतही टिकलेली पाहिली आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या समाधानासाठी. आपल्या मुलाने लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची चाचणी दिली आहे. तेथे घडवले काहीच जात नाही, आत काय आहे ते चाचपून पाहिले जाते. तेव्हा प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या तरुणाचे कौतुक करताना त्यातला काही वाटा निवडीचा आणि पर्यायाने घराचा असतो. प्रबोधिन्या तो वाटा मोठ्या मनाने मान्य करताना सहसा दिसत नाहीत.

प्रश्न : मी बारावीत आहे. शिस्त लागेल, समाजात मान मिळेल आणि पुढे नोकरीची चिंता राहणार नाही, म्हणून प्रबोधिनीत जावे असे वाटते. ही कारणे चुकीची आहेत का?

उत्तर : चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. एमी रेझनेस्की, बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात वेस्ट पॉइंटच्या ११,३२० छात्रांनी प्रवेशाच्या वेळी सांगितलेली कारणे आणि त्यांची पुढची वाटचाल ताडून पाहिली होती. अधिकारी होण्याची, नेतृत्व करण्याची आतून ओढ असलेले छात्र अधिक टिकले, हे अपेक्षितच होते. नवल पुढच्या निष्कर्षाचे आहे. ज्यांना ती ओढही होती आणि चांगली नोकरी, नावलौकिक हे हेतूही तितकेच प्रबळ होते, ते केवळ ओढ असलेल्यांपेक्षा मागे पडले. दोन कारणे एकापेक्षा बरी, हा व्यवहारातला हिशेब येथे लागू पडला नाही. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे की मान आणि नोकरीची शाश्वती ही दोन्ही काढून घेतली, तरी हे काम मला आवडेल का?

प्रश्न : सन्मानसंहितेविषयी नेहमी आदराने बोलले जाते. पण ‘मी खोटे बोलणार नाही’ ही प्रतिज्ञा आणि ‘मित्राला दगा देणार नाही’ ही शिकवण यांचा मेळ कसा बसतो? मित्राने कॉपी केली, तर छात्राने काय करायचे?

उत्तर : मेळ बसत नाही. आलेल्या सर्व पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण प्रबोधिनीच्या शिक्षणाचा कणा आणि त्यातली भेग दोन्ही येथेच आहेत.

वेस्ट पॉइंटची संहिता एका वाक्याची आहे. छात्र खोटे बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असे करणाऱ्यांना खपवून घेणार नाही. पहिले तीन भाग कोणत्याही शाळेच्या भिंतीवर सापडतील. चौथा भाग मात्र वेगळ्याच जातीचा आहे, कारण तो छात्राला स्वतःच्या वागण्यापुरते थांबू देत नाही. आणि नेमका तोच भाग दुसऱ्या शिकवणीवर आदळतो. पट्टी परेडमध्ये ज्याने तुमचा पट्टा आवळला, ज्याने कूच करताना तुमची रायफल स्वतःच्या खांद्यावर घेतली, त्याचे नाव तुम्ही वरिष्ठांना सांगायचे, अशी ही अपेक्षा आहे. प्रबोधिनी एका हाताने मुलांना एकमेकांशी घट्ट बांधते आणि दुसऱ्या हाताने सांगते की वेळ आली तर ही गाठ कापा.

ती कापणे किती अवघड असते, हे वेस्ट पॉइंटच्याच इतिहासात दिसते. १९५१ मध्ये परीक्षेतील प्रश्नांची माहिती एकमेकांना पुरवल्याच्या प्रकरणात सुमारे ९० छात्रांना जावे लागले आणि त्यांत फुटबॉल संघातले अनेक खेळाडू होते. मैदानावर एकमेकांसाठी हाडे मोडून घेणारी मुले परीक्षेतही एकमेकांना सोडत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. १९७६ मध्ये विद्युत अभियांत्रिकीच्या, खोलीवर नेऊन एकट्याने सोडवायच्या एका स्वाध्यायात अनेकांनी परस्परांच्या उत्तरांचा आधार घेतल्याचे उघडकीस आले आणि दीडशेहून अधिक छात्रांना बाहेर पडावे लागले. या वेळी चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष फ्रँक बोरमन होते, म्हणजे चंद्राला प्रदक्षिणा घालून आलेल्या अपोलो ८ या यानाचे प्रमुख आणि त्याच प्रबोधिनीचे माजी छात्र. त्यांच्या आयोगाने दोष केवळ मुलांवर न ढकलता संस्थेच्या पदरातही घातला, आणि बाहेर काढलेल्यांपैकी पुष्कळांना काही काळाने परत येण्याची संधी मिळाली. २०२० मध्ये महासाथीच्या काळात घरून दिलेल्या गणिताच्या परीक्षेत सत्तरहून अधिक छात्रांवर पुन्हा तसाच आरोप आला. संहिता असूनही हे घडते, यावरून ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे भेटतात. मला तसे वाटत नाही. संहिता नसलेल्या ठिकाणी हीच गोष्ट घडली असती आणि तिला प्रकरण म्हणण्याचेही कोणाला सुचले नसते.

आता माझी स्वतःची गोष्ट. प्रशिक्षणात रात्रीच्या नकाशावाचनाचा एक सराव असे. चार-चार जणांच्या तुकड्यांना होकायंत्र आणि नकाशा देऊन सोडत आणि वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर पत्र्याच्या फळीवर रंगवलेला सांकेतिक शब्द टिपून आणावा लागे. शेवटचे ठाणे एका उभ्या टेकडीवर होते. पहाटे अडीचच्या सुमारास, पायथ्याशी, आमच्या तुकडीतल्या एकाने खाली उतरणाऱ्या दुसऱ्या तुकडीकडून तो शब्द विचारून घेतला. आम्ही चौघांनी तो टॉर्चच्या उजेडात वहीत लिहिला आणि टेकडी न चढता परतलो. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने चौघांना एकेकटे बोलावून विचारले, “फळी कोणत्या झाडाला बांधली होती?” माझ्या मित्राने अंदाजाने एक झाड सांगितले. मी म्हणालो, “अंधार होता, सर, झाड लक्षात नाही.” शब्दाशब्दाने पाहिले तर अंधार होता हे खरे होते आणि झाड लक्षात नव्हते हेही खरे होते. वर फळी झाडाला नव्हे, दगडांच्या ढिगात रोवलेल्या खांबाला बांधलेली होती.

आम्हां चौघांना शिक्षा झाली, पण ती सराव अर्धवट सोडल्याची. खोटे बोलल्याचा उल्लेखच झाला नाही, बहुधा चार मुले एकदम मागच्या सत्रात जातील हे कोणाला नको होते. त्या वेळी आम्हाला सुटल्यासारखे वाटले. खरा राग मला नंतर आला. त्याच सत्रात दुसऱ्या स्क्वाड्रनमधला एक मुलगा आपण होऊन प्रशिक्षकाकडे गेला आणि आपण परीक्षेत शेजाऱ्याचे पाहून लिहिल्याचे सांगून आला. त्याला सहा महिने मागे बसवले गेले. गप्प राहिलेले चौघे त्याच्या आधी अधिकारी झालो. ज्या संस्थेत खरे बोलण्याची किंमत खोटे बोलण्यापेक्षा जास्त पडते, तेथे मुले कोणता धडा घेतील हे सांगायला नको, आणि त्या संस्थेने हे कधी ताडून पाहिले असेल असे मला वाटत नाही.

मग आपल्या प्रश्नाचे उत्तर काय? प्रशिक्षक झाल्यावर मी छात्रांना एक क्रम सांगत असे. आधी मित्राला गाठायचे आणि म्हणायचे, “तू आजच्या आज जाऊन सांग, मी तुझ्याबरोबर दारापर्यंत येतो.” तो गेला तर निष्ठाही राहते आणि सचोटीही. तो गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी आपण जायचे आणि जाण्यापूर्वी त्याला तसे सांगायचे. हा क्रम माझा शोध नाही, अनेक ठिकाणी थोड्याफार फरकाने तो सांगितला जातो. कठीण असते ती मधली रात्र. वेस्ट पॉइंटच्या आणि आपल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्याही छात्रांच्या प्रार्थनेत ‘सोप्या चुकीऐवजी अवघड योग्य’ निवडण्याचे बळ मागितलेले आहे. ती रोज म्हणत असताना मला ती युद्धाविषयी आहे असे वाटायचे. ती त्या मधल्या रात्रीविषयी आहे, हे कळायला मला टेकडीच्या पायथ्यावरून बरेच पुढे जावे लागले.

प्रश्न : प्रबोधिन्यांत मुली आल्यामुळे तेथील मूल्ये बदलली का?

उत्तर : मूल्ये बदलली नाहीत, पण मूल्ये आणि नुसत्या सवयी यांतला फरक उघडा पडला. वेस्ट पॉइंटमध्ये १९७६ साली ११९ मुली दाखल झाल्या आणि १९८० मध्ये त्यांतल्या ६२ पदवी घेऊन बाहेर पडल्या. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर २०२२ साली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी आली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणींनी दीक्षान्त संचलन केले. ‘परंपरा’ म्हणून जपलेल्या काही गोष्टी, विशेषतः भाषेतल्या, मुली शेजारी उभ्या राहिल्याबरोबर कोणालाच समर्थनीय वाटेनाशा झाल्या. ज्या परंपरेचे समर्थन सर्वांसमोर करता येत नाही तिला मूल्य म्हणू नये.

प्रश्न : डेहराडूनच्या प्रबोधिनीत कोरलेली देश, जवान आणि शेवटी आपण या क्रमाची वचने एका ब्रिटिश सेनापतीची आहेत. परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याने दिलेली मूल्ये आपली कशी? आणि लष्करी प्रबोधिनीतून मूल्ये मिळत असतील, तर तेथूनच बाहेर पडलेले लोक लोकशाही उलथवून सत्ता कशी बळकावतात?

उत्तर : आपले दोन प्रश्न एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. फील्ड मार्शल फिलिप चेटवुड यांनी १० डिसेंबर १९३२ रोजी इंडियन मिलिटरी अकादमीच्या उद्घाटनाच्या भाषणात ती वचने उच्चारली. देशाची सुरक्षितता, सन्मान आणि हित सर्वांत आधी. मग आपल्या हाताखालच्या जवानांचा सन्मान, हित आणि सुखसोय. स्वतःचे सुख, सोय आणि सुरक्षितता सर्वांत शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. समोर बसलेल्या चाळीस तरुणांच्या पहिल्या तुकडीत सॅम माणेकशा होते, मोहम्मद मुसा होते आणि स्मिथ डन होते. तिघेही पुढे सेनाप्रमुख झाले, पण तीन वेगवेगळ्या देशांचे : माणेकशा भारताचे, मुसा पाकिस्तानचे आणि डन ब्रह्मदेशाचे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी सेनेचे प्रमुख मुसाच होते. तिघांनी ‘देश सर्वांत आधी’ हे एकाच सभागृहात ऐकले होते आणि तो देश कोणता हे पुढे इतिहासाने ठरवले.

मला यातून असे दिसते की प्रबोधिनी क्रम शिकवते; त्या क्रमातल्या पहिल्या जागी नेमके काय बसवायचे, हे ती एकटी ठरवू शकत नाही. चेटवुड यांच्या मनात तेथे साम्राज्य असणार. आपण तेथे प्रजासत्ताक बसवले आणि वचनाचा एक शब्दही बदलावा लागला नाही. पण जेथे पहिल्या जागेवर देशाऐवजी सेना किंवा सेनापती येऊन बसतो, तेथे तीच शिस्त, तीच निष्ठा आणि तीच सहनशक्ती उलट्या कामाला लागते. १९७३ मध्ये चिलीत सत्ता बळकावणारा पिनोशे सांतियागोच्या लष्करी विद्यालयातून शिकून निघालेला होता. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लोकनियुक्त सरकार उलथवणारा मिन आंग ह्लाइंग हाही तेथील संरक्षण प्रबोधिनीचाच. हे लोक बेशिस्त होते असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच राज्यघटना, इतिहास आणि लष्करावरील नागरी नियंत्रण या विषयांच्या तासाला डुलक्या घेणाऱ्या छात्रांकडे मी प्रशिक्षक असताना कानाडोळा करत नसे. सकाळच्या दौडीनंतर सगळ्यांनाच झोप येते, मलाही येत असे. पण तो तास संचलनाच्या तासापेक्षा कमी महत्त्वाचा आहे, असा समज मुलांमध्ये आम्ही प्रशिक्षकांनीच पसरवला होता.

जाता जाता, जवानांचे हित स्वतःच्या आधी, हा मधला भाग आचरणात फार साधा असतो आणि म्हणून टिकतो. तुकडी जेवल्याशिवाय अधिकारी जेवत नाही. निवृत्तीनंतर कारखान्यात किंवा कार्यालयात गेलेले माझे अनेक सहकारी आजही हाताखालच्या माणसाचे जेवण झाले का हे विचारल्याखेरीज डबा उघडत नाहीत. त्यामागे तत्त्वज्ञान नाही, त्यांना घास जात नाही इतकेच.

प्रश्न : माझे पती निवृत्त लष्करी अधिकारी आहेत. ते प्रामाणिक आहेत, कष्टाळू आहेत, दिलेला शब्द मोडत नाहीत. पण घरातही सर्व काही घड्याळावर चालते, मुलांच्या तक्रारीला ‘सबब नको’ हेच उत्तर असते आणि चूक झाली तरी त्यांच्या तोंडून दिलगिरीचा शब्द निघत नाही. हेही प्रबोधिनीचेच देणे म्हणायचे का?

उत्तर : काही अंशी होय, आणि हे कबूल करताना मला माझ्याच घरातले काही प्रसंग आठवत आहेत.

जर्मनीतील तरुणांवर जोशुआ जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी तेथे तरुणांना सक्तीची लष्करी सेवा किंवा तिच्याऐवजी नागरी सेवा निवडता येत असे. लष्करात गेलेल्यांमध्ये नमते घेण्याची, जुळवून घेण्याची वृत्ती नागरी सेवा केलेल्यांच्या तुलनेत कमी वाढली आणि हा फरक सेवा संपल्यानंतर पाच वर्षांनीही, म्हणजे ते महाविद्यालयात किंवा नोकरीत गेल्यावरही, दिसत होता. ती प्रबोधिनी नव्हती, जेमतेम काही महिन्यांची सेवा होती. शिवाय लष्कर निवडणारी मुले मुळातच काही बाबतींत वेगळी होती, हेही त्याच अभ्यासात आढळले. तरी आपल्या अनुभवाशी ते जुळते.

‘सबब नको’ हे वाक्य आपल्या पतींनी एकोणिसाव्या वर्षी ऐकले, तेव्हा ते त्यांच्यापेक्षा बलवान असलेल्या व्यवस्थेने त्यांना ऐकवले होते आणि त्यांनी ते स्वतःवर लागू केले. तेच वाक्य बारा वर्षांच्या मुलाला उद्देशून उच्चारले की त्याचा अर्थ पालटतो. स्वतःची जबाबदारी घेण्याचे ते साधन राहत नाही, दुसऱ्याचे म्हणणे न ऐकण्याची सोय होते. प्रबोधिनीत चूक झाली की शिक्षा मिळे, ती भोगली की हिशेब मिटे. कोणी कोणाची क्षमा मागत नसे. घरात हिशेब तसा मिटत नाही, आणि हे शिकवणारा तास कोणत्याही प्रबोधिनीच्या वेळापत्रकात मी पाहिलेला नाही.

उपाय म्हणून एकच सुचवतो, कारण तो माझ्यावर लागू पडला होता. आपल्या पतींना ‘तुम्ही कठोर आहात’ असे सांगू नये. ते त्यांना प्रशस्तिपत्रासारखे वाटेल. त्याऐवजी त्यांच्याच भाषेत विचारावे की तुमच्या तुकडीतला जवान अडचण घेऊन आला असता तर तुम्ही त्याचे ऐकून घेतले असते की नाही? चांगला अधिकारी जवानाचे पूर्ण ऐकतो, हे त्यांना नक्की ठाऊक आहे. माझ्या पत्नीने हा प्रश्न मला विचारला तेव्हा मी उत्तर न देता वर्तमानपत्र उघडले होते, आणि ते उलटे धरले होते हे तिने मला दोन दिवसांनी सांगितले.

प्रश्न : प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने मला वैद्यकीय कारणावरून प्रबोधिनी सोडावी लागली. आज मी चाळिशीत आहे आणि खासगी नोकरी करतो. माझ्या वागण्यावर त्या दीड वर्षाची छाप अजून आहे, पण मी अधिकारी झालो नाही. माझ्या कोर्सच्या, म्हणजे एकत्र दाखल झालेल्या तुकडीच्या, मेळाव्याचे निमंत्रण येते, मी जात नाही. त्या मूल्यांवर माझा हक्क आहे का?

उत्तर : आपल्यासारख्यांच्या बाबतीत व्यवस्थेने फार काळ हात झटकले. प्रशिक्षण पूर्ण होऊन अधिकारपद मिळेपर्यंत छात्राला सैनिक मानायचे नाही, या नियमामुळे प्रशिक्षणातच अपंगत्व आलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाकारला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर माजी सैनिकांसाठी असलेल्या आरोग्य योजनेची दारे अशा छात्रांना उघडण्यात आली. आपल्या दुखापतीवर अजून उपचार चालू असतील, तर याची चौकशी जरूर करावी. संकोचापायी तेवढे राहू देऊ नये.

मूल्यांवरच्या हक्काबद्दल मात्र मला शंका नाही. वर पट्टी परेडचा प्रसंग सांगितला, तो पहिल्या सत्रातला होता. नाड्या बांधून देणारा तो मुलगा पुढे नेत्रदोषामुळे बाहेर पडला आणि अधिकारी झाला नाही. आमच्यापैकी जे उच्च पदांवर पोहोचले, त्यांच्यातल्या कोणाहीपेक्षा आमच्या कोर्सला तो अधिक आठवतो. आपण दीड वर्षात जे कमावले ते खांद्यावरच्या पट्ट्यांबरोबर मिळणारे नव्हते, त्यामुळे पट्ट्या न मिळाल्याने ते जातही नाही. एक सावधगिरी तेवढी बाळगावी. अर्धवट राहिलेल्या गोष्टीला मन फार उजळ रंग देते. आत राहिलेल्यांनी नंतर प्रबोधिनीवर पुष्कळदा चिडून, तिला नावे ठेवून तिच्याशी हिशेब चुकता केला आहे. ती संधी आपल्याला मिळाली नाही.

तेव्हा मेळाव्याला जावे. कोर्सचा क्रमांक प्रवेश घेतानाच मिळतो, अधिकारपद मिळताना नव्हे, आणि तो काढून घेण्याचा नियम कोठेही नाही. तेथे पहिला अर्धा तास अवघडल्यासारखे होईल, कारण सगळे एकमेकांना हुद्दे आणि बदल्या विचारत असतात. मग कोणीतरी पहिल्या सत्राचा विषय काढेल, आणि त्या गोष्टी सर्वांना सारख्याच ठाऊक असतात.